सहा तास आणि वर दोन

"आशीर्वाद, आई," रादामेस दारातूनच म्हणाला.

आई, म्हणजे जिला सारी गल्ली मानाने 'दोन्या' म्हणे ती एदुविहेस, आरामखुर्चीत बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, पायाशी घुरघुरणारं यंत्र. तिने थोरल्या लेकाला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "आधी संध्याकाळ होऊ दे. मग बघू."

अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस उंबऱ्यात तसाच उभा राहिला. त्या घरात आशीर्वाद मागितल्याशिवाय कुणी आत येत नसे, आणि मागितलेला आशीर्वाद कधी अडवून धरला जात नसे. रादामेसने कुणाला न सांगता लग्न केलं त्या वर्षीसुद्धा आईने डोळे पुसत पुसत 'देव तुझं भलं करो' म्हटलंच होतं. आज मात्र तिने तोंड फिरवून पंख्याकडे पाहिलं.

बोळातून धाकट्या लेकीने, निएवेसने, हे पाहिलं. तिला आधी गंमत वाटली आणि पाठोपाठ धास्ती. आईने एवढं ताणून धरलं होतं ते कुणाच्या भरवशावर? तिच्याच ना!

फेब्रुवारीतल्या एका दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांनी चाळीस मिनिटांत मान टाकली. ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं. जादा सिलिंडर होता, पण त्याची चावी सापडेपर्यंत आईचे ओठ निळे पडले होते. आई वाचली. पण दुसऱ्याच दिवशी राजधानीहून रादामेसचा हुकूम आला, की हे बानीचं घर बंद करायचं आणि आईने त्याच्याकडे अकराव्या मजल्यावर यायचं. तिथे इमारतीला जनरेटर आहे, देवळाएवढा. निएवेसने एक संधी मागितली. भांडून, रडून, शेवटी ठरलं ते असं: जूनमधल्या ह्या रविवारी बारा वाजता मेन स्विच खाली ओढायचा. यंत्र, फ्रीज, पंखा, दिवे, सगळं चालू ठेवायचं. सहा तास घर चाललं तर आई इथेच राहील, नाही चाललं तर आजच संध्याकाळी ती रादामेसच्या गाडीत बसेल.

आईने आपली जुनी तपकिरी बॅग स्वतःच्या हाताने भरून दाराशी ठेवली होती. रादामेसने आल्या आल्या ती उचलून डिकीत टाकली. बॅग चांगलीच जड होती. म्हणजे आईने सगळं आवरलं, निएवेसच्या मनात आलं, तिलाही खात्री नाही.

आणि खात्री नसणं तिला मान्यही होतं, कारण फेब्रुवारीची खरी गोष्ट तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. जानेवारीत चारपैकी एक बॅटरी गेली, तेव्हा रादामेस फोनवर म्हणाला होता, "एकच बदल. चांगल्या तीन कशाला फेकायच्या?" निएवेस बाबांच्या बॅटरीच्या दुकानात आठव्या वर्षापासून बसलेली. तीन थकलेल्यांत एक ताजी जुंपली की थकलेल्या तिघी तिलाही घेऊन बसतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तरी ती म्हणाली होती, "बरं दादा." त्या एका 'बरं'साठी तिने स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. मधला भाऊ फाउस्तो चार बॅटऱ्या घेऊन हजर झाला होता. काळ्या कुळकुळीत, वर लालभडक झाकणं, अगदी वरातीला निघाल्यासारख्या. फाउस्तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, पण मत नेहमी राजधानीचं धरायचा. थोरल्याशी वाकडं घेणं त्याच्या पोटाला मानवत नसे.

"निएवेस, ह्या बसव," तो घाम पुसत म्हणाला. "मित्राने खास काढून दिल्यात. कोऱ्या करकरीत. तुझ्या त्या चारजणी तीन आठवडे झाले, रोज भरतेस आणि रोज रिकाम्या करतेस. बॅटऱ्या आहेत की दुभत्या गाई?"

"नवी बॅटरी पहिल्या दिवशी पुरती ताकद देत नाही," निएवेस म्हणाली. "पाच-सहा वेळा भरून उतरवली की अंगात येते. बाबा काय सांगायचे, विसरलास?"

"बाबांच्या वेळी सगळंच हळू होतं."

रादामेसने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "वाद नको. फाउस्तोच्या बसवा. माणूस ओळखीचा आहे, माल नवा आहे. परीक्षा ह्यांचीच होईल."

निएवेसच्या जिभेवर 'बरं दादा' येऊन बसलंच होतं. तिने ते गिळलं.

"नाही, दादा."

आईने खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवली.

"नाही म्हणजे?" रादामेसने विचारलं.

"नाही म्हणजे आधी तपासायच्या. माझ्याही आणि ह्याच्याही, तुझ्यासमोर."

ती आईच्या खोलीत गेली आणि डॉक्टरांनी घ्यायला लावलेला वजनकाटा घेऊन आली. मागच्या ओसरीत तिच्या चार बॅटऱ्या लाकडी फळीवर मांडलेल्या होत्या. सिमेंटवर ठेवलेली बॅटरी जमीन पिऊन टाकते, अशी आईची पक्की समजूत होती. आजकालच्या डब्यांना तसलं काही होत नाही हे निएवेसला माहीत होतं, पण फळीने कुणाचं काय बिघडतं! तिने आपली एक बॅटरी काट्यावर ठेवली. बासष्ट पौंड. मग फाउस्तोची ठेवली. काटा अठ्ठेचाळीसवर थांबला.

"बॅटरीत शिसं असतं, फाउस्तो. ह्यातलं चौदा पौंड शिसं गेलं कुठे?"

"नवीन पद्धत असेल," फाउस्तो म्हणाला. "हलक्या बनवतात हल्ली."

"मागे हरभरा दळून मिसळलेली कॉफी घेऊन आलास," आई आतून ओरडली, "तेव्हासुद्धा नवीन पद्धतच होती!"

रादामेस हसू दाबायला खोकला. निएवेसने थोरल्या भावाचा हात धरून त्याचं बोट आपल्या बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवलं. तिथे एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला होता, महिन्याचा आणि वर्षाचा. चारही खुंट्यांवर तेच अक्षर, तोच आकडा. ह्या चारजणी एकाच महिन्यात जन्मल्या होत्या; दुकानदाराची नजर चुकवून अर्धं कोठार उलथंपालथं केल्यावर त्या तिला मिळाल्या होत्या. मग तिने तेच बोट फाउस्तोच्या बॅटरीवर नेलं. खुंटी गुळगुळीत होती. कानशीने घासलेली.

"हे बाबांचं," असं म्हणून तिने खिशातून अॅसिडचा दाटपणा मोजायचा हायड्रोमीटर काढला. काचेची नळी, वर रबराचा फुगा, आत तरंगणारी छोटी काडी. हा हायड्रोमीटर बाबांनी जाताना मुलाच्या हाती म्हणून फाउस्तोला दिला होता, आणि फाउस्तोने तो तेलाच्या डब्यांमागे टाकून दिला होता. तिथून निएवेसने तो शोधून काढला त्याला आता अकरा वर्षं झाली होती. तिने तिच्या बॅटरीचं झाकण उघडून अॅसिड ओढलं. काडी वर आली आणि हिरव्या पट्ट्यावर स्थिर झाली. चौघींचे तीन-तीन कप्पे, बाराच्या बारांत तसंच. फाउस्तोच्या पहिल्या बॅटरीत काडी पांढऱ्यावर आली, शेजारच्या कप्प्यात लालवर. तिसऱ्या कप्प्यात ती वर आलीच नाही. तळाशी बसली ती बसलीच.

तिघंही त्या बुडालेल्या काडीकडे बघत राहिले.

फाउस्तोचा चेहरा पडला. तो लबाड नव्हता, फक्त भोळा होता, आणि भोळ्या माणसाला भर घरात उघडं पाडणं निएवेसच्या जिवावर आलं. ती हळूच म्हणाली, "रंग नवा आहे रे. रंगात काही खोट नाही."

"जुन्या प्लेटा नव्या डब्यात भरल्यात त्या हरामखोराने," फाउस्तो पुटपुटला. "आणि मी आईच्या नाकाला ह्या लावणार होतो." तो तसाच खाली बसला, खिशातून पाना काढला आणि निएवेसच्या बॅटऱ्यांचे नट एकेक करून आवळायला लागला. तिने सांगितलं नव्हतं.

रादामेसने घड्याळ पाहिलं. "ठीक आहे. तुझ्या तर तुझ्या. पण सहा म्हणजे सहा. पाच एकोणसाठला विझलं तरी मी ऐकणार नाही."

बारा वाजता त्याने स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढला. इन्व्हर्टरने टक् करून शिट्टी घातली, पंखा अर्धा श्वास अडखळला आणि पुन्हा फिरू लागला. यंत्राची घुरघुर तुटली नाही. इन्व्हर्टरवर पाच हिरवे दिवे होते. ते पाचही पेटलेले होते.

मग वाट बघणं सुरू झालं. गॅसवर सांकोचोचं, मांस आणि कंदांच्या दाट रश्श्याचं, मोठं पातेलं रटरटत होतं, कारण रविवार तो रविवार. जेवणं झाली, भांडी झाली. भाऊ चिंचेखाली डॉमिनो खेळायला बसले आणि फाउस्तो पहिल्यांदाच थोरल्याशी मुद्दाम न हरता खेळला. निएवेस दर अर्ध्या तासाने ओसरीत जाऊन दिवे मोजत होती. दोन वाजता पाच. तीन वाजताही पाच. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. तीन तासांनी पाचवा दिवा विझायला हवा होता. बॅटरी अपेक्षेपेक्षा वाईट निघाली तर समजतं. अपेक्षेपेक्षा चांगली निघाली की काहीतरी गडबड असते, हेही बाबांचंच.

ती स्वयंपाकघरात गेली. फ्रीज गप्प होता. त्याचा प्लग सॉकेटमधून काढून नीट गुंडाळून वर ठेवलेला होता.

"फ्रीज कुणी काढला?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्याबरोबर तिला कळलं की आपण हे ओरडायला नको होतं.

रादामेस डॉमिनो टाकून आत आला. "वा! वा! म्हणजे असे चालणार होते सहा तास!" त्याचा आवाज गल्लीत जात होता. "इकडे मला वजनं दाखवायची, काड्या दाखवायच्या, आणि तिकडे गुपचूप फ्रीज काढून ठेवायचा. हे शिकवलं बाबांनी? फाउस्तो, तू सामील होतास का ह्यात?"

"मी तर तुझ्यासमोर बसलोय!"

"मग हिनेच काढला."

"दादा, मीच काढला असता तर मीच ओरडले असते का?"

"ते मला माहीत नाही. ज्याने काढला त्याने ह्या घराला काळिमा फासला. परीक्षा संपली. आई, चल, तयार हो."

आईने नळी नाकात नीट बसवली, एक लांब श्वास घेतला. तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून होती, गेली वीस वर्षं तशीच होती.

"रादामेस," ती म्हणाली, "एक वाजता गार पाणी प्यायला कोण आलं होतं?"

"मी. मग?"

"फ्रीज उघडलास. बाटली काढलीस. दार लावलंस. मग?"

रादामेसने फ्रीजकडे वळून पाहिलं.

"मग खाली वाकलास," आई म्हणाली, "प्लग काढलास, वायर गुंडाळून वर ठेवलीस, बोळातला दिवा विझवलास आणि ओरडलास, 'इन्व्हर्टरवर आहोत रे, जपून!' आणि गेलास डॉमिनो खेळायला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. रादामेस स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायला लागला, जणू तो शेजाऱ्यांचा होता. घरात पहिला इन्व्हर्टर आला तेव्हापासून शिट्टी वाजली की पळत जाऊन फ्रीज काढायचा, हे थोरल्याचं काम होतं. बाबांनीच नेमून दिलेलं. अकराव्या मजल्यावर वीस वर्षं राहूनही तो हात तेवढं विसरला नव्हता. जित्याची खोड!

फाउस्तो आधी हसला. मग आई हसली, हसताना तिला ठसका लागला, आणि निएवेस धावत जाऊन तिची पाठ चोळत स्वतःच हसू लागली. रादामेसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"असेल," तो म्हणाला. "मीच काढला असेल. पण दोन तास फ्रीज बंद होता हे तर खरं. परीक्षा बाद होते ना?"

त्याच्या आवाजात आता धार नव्हती, आणि निएवेसला ते ऐकू आलं. तरीही तो चूक नव्हता. फाउस्तोने डोळ्यांनी तिला खुणावलं, सोड, सहा वाजू दे, तू जिंकलीस. खरंच, तिथे थांबता आलं असतं.

"बाद नाही," ती म्हणाली. तिने बोळातला दिवा लावला आणि प्लग सॉकेटमध्ये दाबला. फ्रीज हादरून सुरू झाला. "दोन तास गेले ना? दोन तास वाढव. सहाला नाही, आठला संपेल."

"वेडी आहेस का?" फाउस्तो तिला ओसरीत ओढून म्हणाला. "आठ तास! निघेल का?"

"निघायला पाहिजे."

"पाहिजे म्हणजे?"

"म्हणजे काठावर. पण उद्या लाइट खरीच आठ तास गेली तर मी कुणाशी वाद घालू?"

चार वाजता पाचवा दिवा विझला. साडेपाचला चौथा. सहा वाजले तेव्हा तीन दिवे होते आणि कुणीही घड्याळाचं नाव काढलं नाही. रादामेसने आपली खुर्ची चिंचेखालून उचलून ओसरीत आणली होती, इन्व्हर्टरच्या समोर. सव्वासहाला फाउस्तो पाणी घ्यायला उठला तर रादामेस खेकसला, "फ्रीज उघडू नकोस! मोटर लागते!"

"दादा," निएवेस म्हणाली, "फ्रीज नेहमीसारखाच उघडायचा. नाहीतर पुन्हा बाद."

"मग कमी पाणी पी," रादामेस फाउस्तोला म्हणाला.

सात वाजून गेले. दोन दिवे. बाहेरून एकदम 'आ...' असा लांब, थकलेला आवाज आला, सगळ्या गल्लीच्या तोंडून निघाल्यासारखा. शेजारचा रेडिओ अर्ध्या गाण्यात मेला.

"काय झालं?" आईने विचारलं.

निएवेस खिडकीशी गेली. गल्ली काळीठिक्कर होती, कोपऱ्यावरच्या दुकानापासून चर्चपर्यंत. लाइट गेली होती, खरीखुरी, आणि ह्या घरात ती गेल्याचं कुणाला कळलंसुद्धा नव्हतं. पंखा फिरत होता. दिवा जळत होता. यंत्र घुरघुरत होतं. इतकी वर्षं हा 'आ...' तिने आतूनच काढला होता, आज पहिल्यांदा तो बाहेरून ऐकला.

पाच मिनिटांत समोरच्या दोन्या चेआ फोन आणि चार्जर घेऊन दारात उभ्या. "तुमच्याकडे आहे वाटतं," म्हणत त्या आत आल्या. फोन लावला आणि सवयीने बोळातला दिवा विझवायला बटणाकडे हात नेला.

"हात लावायचा नाही!" ओसरीतून रादामेस असा गरजला की चेआबाईंच्या हातून चार्जर पडला.

पावणेआठला दुसरा दिवा विझला. एकच उरला, आणि तो हिरवा राहिला नव्हता. पिवळा होऊन मिचकायला लागला. निएवेसने सिलिंडर आईच्या खुर्चीशी आणून ठेवला. चावी तिच्या गळ्यात होती, फेब्रुवारीपासून ती तिथेच असायची. आपण दोन तास वाढवले ते खरेपणासाठी की मिजाशीसाठी, असं तिला वाटून गेलं. फाउस्तो देवाचं नाव घेत होता. रादामेस मोठ्याने मिनिटं मोजत होता, आणि लहानपणी तापात तिच्या उशाशी बसून तो असाच आकडे मोजायचा हे तिला आठवलं.

"सत्तावन्न," रादामेस म्हणाला. "दम धर, बाई." तो बॅटरीशी बोलत होता. "अठ्ठावन्न. एकोणसाठ. चल, चल, चल..."

चर्चची घंटा आठ वाजल्याचं सांगू लागली. पंखा फिरत होता.

फाउस्तोने आरोळी ठोकली. रादामेस खुर्चीतून उठला, निएवेसकडे आला, त्याने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि भांगात ओठ टेकवले. "जानेवारीत मी म्हटलं होतं एकच बदल," तो तिच्या केसांत म्हणाला. "तुला माहीत होतं ना तेव्हा?"

"माहीत होतं, दादा. मी बोलले नाही."

"आता बोलत जा. माझ्यावर ओरड हवं तर."

तेवढ्यात गल्लीभर एकच गलका झाला, "आली! आली! लाइट आली!" पोरं, म्हातारे, सगळे एका सुरात. निएवेसने मेन स्विच वर केला. इन्व्हर्टरने शिट्टी घातली आणि पिवळा दिवा मिचकायचा थांबला. मग फाउस्तोने टॉर्च धरला आणि तिने हायड्रोमीटर. दमलेल्या होत्या चारही, काडी पार लालवर उतरलेली, पण बाराच्या बारा कप्प्यांत एकाच उंचीवर. एकीनेही दुसरीवर भार टाकला नव्हता. मोजून झाल्यावर तिने हायड्रोमीटर फाउस्तोपुढे धरला. त्याने तो घेतला नाही. "तुझाच आहे तो," फाउस्तो म्हणाला. "मला दिला तिथे बाबांचं माणूस चुकलं होतं."

रादामेस आईसमोर जाऊन उभा राहिला. "आशीर्वाद, आई."

"देव तुझं भलं करो, बाळा," आई म्हणाली. "आता माझी बॅग आण."

त्याने डिकीतून बॅग आणली आणि तिच्या पायाशी ठेवली. "उघड," ती म्हणाली.

बॅगेत वरपर्यंत आंबे होते. बानीचे छोटे, पिवळेधमक, एकेक कागदात गुंडाळलेला. एका कोपऱ्यात पाया गावच्या दुधाच्या वड्यांचे तीन डबे. रादामेसने हात खालपर्यंत घातला. झगा नव्हता, चप्पल नव्हती, साधा रुमालसुद्धा नव्हता.

"कपडे कुठे आहेत?"

"कपाटात. तुझ्या पोरांना आंबे आवडतात म्हणून भरले. उशीर झाला, आता नीघ, पोरं वाट बघत असतील."

"आणि बॅटऱ्या उतरल्या असत्या तर?"

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने सूर्य पश्चिमेला उगवला तर असं विचारलं होतं.

"निएवेसने निवडल्या होत्या," ती म्हणाली.

सकाळपासून त्या बॅगेची घेतलेली धास्ती आत्ता सुटली, आणि निएवेस तिथेच, आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली. आईचा हात तिच्या केसांवरून फिरत होता. रडता रडताच तिला आठवलं, की दिवसभराच्या धांदलीत आज तिने आईला आशीर्वाद मागितलाच नव्हता. तिने मान वर केली.

"तुला पहाटेच देऊन ठेवलाय," आई म्हणाली, "तू फळी पुसत होतीस तेव्हा."